सक्तीची सम



गाण्याची बैठक सुरू होण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे आपण सर्वांनीच अनुभवलेली आहेत. सतरंजीवर मंडळी स्थिरस्थावर होत असतात आणि पुढे गवई व त्याचे शिष्य तंबोऱ्यांशी झटत असतात. प्रथम खुंट्या पिळून तारा स्वराजवळ आणल्या जातात. मग घोडीच्या खालच्या बाजूचे मणी सरकवून त्या नेमक्या मिळवल्या जातात. इतके झाले तरी गवयाचे समाधान होत नाही. घोडी आणि तार यांच्यामध्ये घातलेला सुताचा दोरा तो बोटाच्या टोकाने केसभर पुढे घेतो, केसभर मागे घेतो. आणि इतका वेळ कोरडी वाटणारी तार एकाएकी बोलू लागते. एका स्वरातून जणू स्वरांची ओळच्या ओळ झिरपू लागते. ‘जवारी लागली’ असे जाणकार म्हणतात आणि बैठक सुरू होते.

आता येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, दोरा सरकवल्याने तारेचा ताण बदलला नाही, स्वरही बदलला नाही. षड्ज जेथे होता तेथेच आहे. मग बदलले काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे आपण मिरजेच्या वाद्यकारांच्या आळीतून निघून साताऱ्यास, तेथून बडोद्यास, आणि शेवटी आजच्या विद्युद्वाद्यांच्या, म्हणजे ज्यांस सिंथेसायझर म्हणतात त्यांच्या, पोटात जाऊन पोहोचतो. त्या वाद्यांत ‘हार्ड सिंक’ नावाची एक विद्युत्‌-रचना असते. तिचे मराठी नाव रूढ नाही; आमच्यापुरते आम्ही तिला ‘सक्तीची सम’ म्हणू. असे का, ते पुढे ध्यानात येईल. एका कंपनाला दुसऱ्या कंपनाच्या आवर्तनाशी बांधून ठेवले असता नाद गरीब होतो की श्रीमंत होतो, हा आमचा आजचा विषय आहे. कृष्णाकाठच्या लोकांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच, पण दोन अगदी वेगळ्या वाटांनी केलेला आहे. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम मिरजेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरज संस्थानात पटवर्धनांच्या आश्रयाला गवई-बजवय्ये येत असत. त्यांच्या वाद्यांची दुरुस्ती करावयास जवळपास कोणी नसे. शिकलगारांची काही घराणी गावात होती. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाते घासूनपुसून चकचकीत करणारे कारागीर. पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, तलवारीस गिऱ्हाईक राहिले नाही. अशा वेळी फरीदसाहेब शिकलगार यांनी प्रथम वाद्ये दुरुस्त करावयास आणि मग स्वतः घडवावयास सुरुवात केली, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे या घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ होऊन बसले. भोपळा पंढरपूरच्या परिसरातला, दांडी व तबली तुणीच्या लाकडाची, आणि हात मिरजेचे, असा हा संयोग जमून आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या गावाच्या नावाला आता कायद्याचेही संरक्षण आहे.

पण मानांकनाने वाद्य वाजत नाही. ते जवारीने वाजते. तलवारीच्या पात्याला धार लावणाऱ्या माणसाच्या हाती घोडीचा पृष्ठभाग घासण्याचे काम यावे, यात आम्हांस फार मोठे औचित्य वाटते. व्हायोलिनची घोडी वरून निमुळती असते आणि तार तिच्यावर एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र चांगली रुंद असते. तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अत्यंत अल्प उतार, अत्यंत मंद बाक दिलेला असतो. कानशीने एक हात जास्त फिरला की तार भसाडी होते, एक हात कमी पडला की ती मुकी राहते. मोजपट्टी लावून हा बाक सांगता येत नाही. कारागीर घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. येथे परीक्षक कान आणि आज्ञाधारक हात.

हा बाक काय करतो ते पाहू. छेडलेली तार मोकळी हलत असती तर तिचे कंपन हळूहळू मंद, गोल आणि निस्तेज होत गेले असते. तंबोऱ्यात मात्र तार प्रत्येक फेरीस खाली येते तेव्हा घोडीच्या त्या बाकावर किंचित लपेटते, घासते आणि सुटते. प्रत्येक फेरीस तिला घोडीचा हा निसटता टोला बसतो. त्यामुळे मूळ स्वरातील शक्तीचा काही भाग वरच्या स्वरांत, म्हणजे दुपटीच्या, तिपटीच्या, पाचपटीच्या कंपनांत, पुन्हा पुन्हा ओतला जातो. दोरा कोठे आहे त्यावर हा स्पर्श किती नाजूक असावा हे ठरते. षड्जाच्या तारेतून अंतरगांधार ऐकू येतो असे आपण कौतुकाने म्हणतो, तो हाच पाचवा स्वरांश. शिवाय हे वरचे स्वर एकदम येत नाहीत. आधी फार उंचावरचे चमकतात आणि मग ती चमक एकेक पायरी खाली उतरत येते. तळाशी षड्ज अचल आणि माथ्यावर ही उतरती झळाळी, असे तंबोऱ्याचे रूप आहे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. पण त्याआधी पुष्कळ वर्षे ते कलकत्त्यास वाद्यांचा अभ्यास करीत होते. १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटासा निबंध लिहिला. पाश्चात्त्य शास्त्रात यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने एक नियम सांगितला जात असे. तार जेथे छेडावी त्या बिंदूपाशी ज्या उपस्वराची गाठ, म्हणजे निश्चल जागा, असेल तो उपस्वर नादात उमटावयाचा नाही, असा तो नियम. रामन यांना आढळले की तंबोरा आणि वीणा हा नियम मानीत नाहीत. जो उपस्वर असू नये तो तेथे ठणठणीत ऐकू येतो, आणि त्याचे कारण त्या रुंद घोडीत आहे. जी गोष्ट मिरजेचा कारागीर कानशीने करीत होता, तिची शास्त्राने घेतलेली ही नोंद.

ही झाली पहिली वाट. आता दुसरी वाट पाहावयाची तर मिरजेहून सांगलीस आणि सांगलीहून नदीच्या उगमाच्या दिशेने साताऱ्यास जावे लागेल.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, सरकारी नोकरीतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती खरोखर कोठे आहेत, त्यांची कंपने किती, हे गणिताने निश्चित करावे, असा त्यांना ध्यास लागला होता. १९१० साली त्यांनी हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना साहाय्य मिळाले ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे. हे कैरान्याचे गायक पुढे मिरजेचेच होऊन गेले, आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच ते विसावले. खाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी मोजावे, असा हा प्रयोग होता. त्यांना तिसरे सहकारी मिळाले ते ई. क्लेमंट्स नावाचे आय. सी. एस. अधिकारी. १९११ साली साताऱ्यास ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था या कार्यासाठी निघाली आणि १९१३ साली क्लेमंट्स यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांचा मुद्दा समजण्यास एक लहानसे गणित पुरेसे आहे. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरा. तंबोऱ्यातून झिरपणारा शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. पण विलायती पेटीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. तिचा गांधार सुमारे ३०२.४ कंपनांवर बसतो. दोन-अडीच कंपनांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण दोन्ही स्वर एकत्र वाजले म्हणजे नादात दर सेकंदाला दोन-तीन हेलकावे उठतात आणि सुजाण कानाला ते खड्यासारखे लागतात. यावर उपाय म्हणून देवल व क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची सोय असलेली ‘श्रुतिहार्मोनियम’ विलायतेहून मुद्दाम करवून आणली. एका खेडेवजा जिल्ह्याच्या गावी बसून, लंडनच्या कारागिराकडून आपल्या गणिताप्रमाणे वाद्य घडवून घेणाऱ्या या माणसांच्या जिद्दीला आम्ही नमस्कारच करतो.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. तेथे ही श्रुतिपेटी पुढे ठेवण्यात आली आणि तिच्यावरून मोठा वाद झाला. जमलेल्या गुणीजनांना पेटीतील श्रुती पटल्या नाहीत. भातखंड्यांनाही पटल्या नाहीत. पुढे देवल-क्लेमंट्स यांच्या पेटीचा प्रसार झाला नाही आणि ती इतिहासजमा झाली.

या पराभवाचे कारण काय? पेटीचे गणित चुकले होते असे म्हणून भागणार नाही, कारण सव्वापटीचा गांधार सव्वापटच असतो. आमच्या मते बंधन चुकीच्या जागी पडले. गवयाचा गांधार हा एक खुंटा नसतो. तो रिषभावरून चढत येतो, मध्यमाकडे झुकतो, कधी आंदोलित होतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत राग राहतो. पेटीने बावीस खुंटे अगदी योग्य जागी ठोकले, पण खुंटा योग्य जागी ठोकला म्हणून त्यास वाट म्हणता येत नाही. तंबोऱ्याने मात्र गवयाला अशी कोणतीही सक्ती कधी केली नाही. तो फक्त आवर्तन सांभाळतो, मूळ स्वराची पुनःपुन्हा आठवण देतो आणि बाकीची सारी वाट मोकळी ठेवतो. बंधन दोघांचेही होते. एकाने प्रत्येक पाऊल बांधले, दुसऱ्याने फक्त घरी परतण्याची वेळ बांधली. हा भेद ध्यानात ठेवा, कारण विद्युद्वाद्यांच्या इतिहासात तो पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

कंपने एकमेकांस बांधून घेतात ही गोष्ट युरोपात प्रथम घड्याळांत दिसली. १६६५ साली हॉलंडचा शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. त्याच्या ध्यानात आले की, एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे कशीही सुरू केली तरी काही वेळाने एकमेकांच्या तालावर, फक्त उलट दिशांनी, हलू लागतात. १९२७ साली त्याच देशातील वान डेर पोल व वान डेर मार्क यांनी निऑन दिवा आणि विद्युत्संग्राहक यांचे एक साधे मंडल घेतले. संग्राहक विजेने भरत जाई, एका मर्यादेला दिवा उजळे, संग्राहक रिता होई आणि पुन्हा भरू लागे. रांजण भरून वाहावा आणि कलंडून रिता व्हावा, तसे हे चक्र. या मंडलाला बाहेरून दुसरे कंपन दिले, तेव्हा ते आपली चाल सोडून पाहुण्याच्या चालीच्या निमपटीत, तिसऱ्या हिश्शात, चौथ्या हिश्शात चालू लागले. एका हिश्शातून दुसऱ्यात जाताना टेलिफोनच्या श्रवणीत मधूनच अनियमित खरखर ऐकू येई, असेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

या बंधनाचा मोठा उपयोग पुढे दूरदर्शनात झाला. आपल्यापैकी ज्यांनी जुने दूरदर्शन-संच पाहिले असतील त्यांना आठवेल की मधूनच चित्र खालून वर धावू लागे आणि घरातील कोणीतरी उठून मागची कळ पिळी. चित्राची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चौकट संचातील आंदोलक आखत असत. प्रक्षेपण केंद्राकडून प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चौकटीच्या आरंभी एक खूण येई आणि ‘झाले तेवढे पुरे, पुन्हा पहिल्यापासून’ असे त्यांस सांगे. ती खूण हुकली म्हणजे चित्र धावू लागे. हीच युक्ती पुढे नादासाठी वापरण्यात आली.

अमेरिकेत १९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग व डॉन बुखला यांनी, एकमेकांपासून दूर, अशी वाद्ये सिद्ध केली की ज्यांत नादाचे मूळ एक विद्युत्‌-आंदोलक असे आणि त्याचा स्वर विजेच्या दाबाने चढवता-उतरवता येई. यंत्रातील आंदोलक म्हणजे पुन्हा तोच भरणारा आणि रिता होणारा रांजण. वीज हळूहळू चढते, मर्यादेला पोहोचते, एकदम खाली येते आणि पुन्हा चढू लागते. त्याची आकृती करवतीच्या दातांसारखी दिसते. दर सेकंदाला किती दाते, त्यावर स्वर ठरतो. दात्याची आकृती कशी, त्यावर नादाचा पोत ठरतो.

परंतु या आंदोलकांत एक खोड होती. उष्णता वाढली की त्यांचा स्वर सरके. दोन आंदोलक एका स्वरात लावून ठेवावेत तर थोड्याच वेळात ते बेसूर होऊन हेलकावे देऊ लागत. शिवाय नादाचा पोत बदलावा पण स्वर जागचा हलू नये, हेही साधावयाचे होते. या दोन्ही गरजांस एक उत्तर सापडले, ते म्हणजे आमची सक्तीची सम.

तबल्याच्या दृष्टांताने ही गोष्ट चटकन समजेल. लेहरा धरणारा एक वादक आहे आणि तुकडे वाजवणारा दुसरा. लेहऱ्याची सम आली की तबलजीने, त्याचा तुकडा पुरा झालेला असो वा नसो, हात उचलून पहिल्या बोलापासून पुन्हा आरंभ करावयाचा, असा कडक नियम घातला आहे असे समजा. मैफलीत असे केले तर रसिक उठून जातील, पण यंत्रात नेमके हेच करतात. लेहरा धरणारा तो नायक आंदोलक आणि तुकडे वाजवणारा तो अनुयायी आंदोलक. नायकाचा रांजण रिता झाला की त्याच क्षणी एक विद्युत्‌-कळ दाबली जाते आणि अनुयायाचा रांजणही, तो कितीही भरलेला असो, रिता होतो.

नायकाची कंपने सेकंदाला १०० आहेत आणि अनुयायाची २५० आहेत असे धरा. नायकाच्या एका आवर्तनात अनुयायाचे अडीच दाते बसतात. दोन पुरे होतात आणि तिसरा मध्येच तुटतो. पुढच्या आवर्तनात पुन्हा तसेच, त्याच्या पुढच्यात पुन्हा तसेच. एकूण आकृती सेकंदाला १०० वेळा जशीच्या तशी परत येते; म्हणून कानाला स्वर नायकाचा लागतो. मात्र त्या मोडक्या दात्यामुळे नादात वरच्या स्वरांची दाटी होते आणि अनुयायाच्या स्वत:च्या कंपनांच्या आसपासचे उपस्वर विशेष प्रबळ होतात. आता अनुयायास २५० वरून ४००, ६०० असे चढवत न्या. मूळ स्वर जागचा हलत नाही. पण त्याच्या माथ्यावरील झळाळी वर वर सरकत जाते. अनुयायी अगदी नेमक्या दुपटीवर किंवा तिपटीवर आला तर दाता तुटत नाही आणि नायक क्षणभर लपतो. पुढे सरकला की पुन्हा प्रकट होतो. ऐकणारास हा नाद कोणी आक्रोश करावा, कोणी ‘ऑ’ म्हणता म्हणता ‘ई’ म्हणावे, असा वाटतो.

मनुष्याच्या आवाजासारखा तो वाटावा यास कारण आहे. आपल्या गळ्यातही हीच व्यवस्था आहे. स्वरतंतू दर आवर्तनास एकदा मिटतात आणि त्या प्रत्येक मिटण्याबरोबर तोंडाच्या व घशाच्या पोकळीतील हवा नव्याने कंप पावते. तंतूंनी स्वर ठरवावा, पोकळीने ‘आ’ की ‘ई’ ते ठरवावे. स्वर कायम ठेवून आकारातून ईकारात जाणे, हे गळ्याचे काम यंत्र अशा रीतीने करू लागले.

१९७२ साली निघालेल्या आर्प कंपनीच्या ‘ओडिसी’ या वाद्यात या योजनेची कळ होती. १९७८ च्या ‘प्रॉफेट-५’ या वाद्याने तिचा नाद जगभर पोहोचवला. त्याच सुमारास आंदोलकाचे सारे मंडल नखाएवढ्या तुकड्यावर आले आणि समेची खूण घेण्यासाठी त्याला एक स्वतंत्र पाय ठेवण्यात आला. त्यात ‘सॉफ्ट सिंक’ हा सौम्य प्रकारही असे. तेथे अनुयायी आवर्तन संपवण्याच्या बेतात असेल तरच तो नायकाचे ऐकतो, एरवी आपल्या चालीने जातो. पाहुण्यास दारातून ओढून आणणे आणि तो निघालाच आहे तर हात धरून आत घेणे, इतका या दोहोंत फरक.

आपल्या देशात हा नवा नाद लवकर आला. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, गीता साराभाई यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या हातून, मूग यंत्राची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथील फिती दीर्घकाळ पडून होत्या. २०२३ साली त्या ऐकण्यास उपलब्ध झाल्या. १९८२ साली मुंबईचे चित्रपट-वादक चरणजीत सिंग यांनी दहा राग केवळ विद्युद्वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले. त्या वाद्यांपैकी ‘ज्युपिटर-८’ या वाद्यात सक्तीच्या समेची सोय आहे. त्या तबकडीकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

येथवर ऐकल्यावर काही श्रोत्यांच्या मनात एक अभिमानाचा विचार आला असेल. तळाशी अचल स्वर, माथ्यावर सरकती झळाळी, आणि प्रत्येक आवर्तनास एक टोला. म्हणजे मिरजेच्या शिकलगारांनी हार्ड सिंकचा शोध शंभर वर्षे आधीच लावला होता की काय? असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. पण तो आवरला पाहिजे. यंत्रात अनुयायाची स्मृती दर आवर्तनास पार पुसली जाते. त्याने काय साधले होते याचा मागमूस राहत नाही. घोडीवर तसे होत नाही. तार घोडीला स्पर्श करते, थोडी वळते, आणि आपली चाल बरोबर घेऊनच परतते. तेथे दोन आंदोलकही नाहीत. एकच तार आहे आणि ती आपल्याच आवर्तनाने स्वत:स टोले घेते. शिवाय यंत्राचा नाद वीज आहे तोवर चालेल, तार मात्र विरत जाते आणि तिला पुन:पुन्हा छेडावे लागते. मिरजेच्या कारागिरांना हार्ड सिंक ठाऊक नव्हते आणि अमेरिकेतील अभियंत्यांनी जवारीवरून ते घेतले नाही. दोघे वेगवेगळ्या डोंगरांवरून एकाच खोऱ्यात उतरले, एवढेच खरे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. दुसऱ्याच्या शोधावर आपले नाव घातल्याने आपला कारागीर मोठा होत नाही. त्याचे स्वत:चे काम समजून घेतल्याने होतो.

आणि ते समजून घेण्याची निकड आज आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे जी. राजनारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आता तर तंबोरा खिशातील टेलिफोनवर येऊन बसला आहे. आम्ही त्याची निंदा करणार नाही. पहाटे एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीस तंबोरा धरावयास दुसरा कोण आहे? भाड्याच्या दोन खोल्यांत चार-साडेचार फुटांचा तंबोरा ठेवावा कोठे? ज्यांनी या सोयीवर गाणे शिकले त्यांचे गाणे खोटे नाही. आम्ही स्वत: तिचा उपयोग केला आहे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्रातील तंबोरा बहुधा तोच टप्पा जसाच्या तसा परत वाजवतो. त्याची झळाळी एकदा टिपून ठेवलेली आहे. म्हणून ऐकणारास दोरा सरकवण्याचे कारण उरत नाही, आणि दोरा सरकवावयाचा नसला म्हणजे हळूहळू ऐकण्याचेही कारण उरत नाही. आपण आरंभी पाहिलेली ती दहा-पंधरा मिनिटे नाहीशी होतात. वेळ वाचतो हे खरे. पण त्याच मिनिटांत शिष्याचा कान तयार होत असे. गांधार कोठे आहे हे त्याला पुस्तकाने सांगितले नाही, श्रुतिपेटीनेही सांगितले नाही. जोडीच्या तारा मिळता मिळता तो आपोआप प्रकट होताना त्याने ऐकला. देवलांनी सव्वापटीचा जो गांधार गणिताने सिद्ध करावयाचे ठरवले, तो मिरजेच्या प्रत्येक लागलेल्या जवारीतून रोज ऐकू येत होता. देवल ज्यांचे गाणे मोजीत होते ते खाँसाहेब त्याच तंबोऱ्याशी बसून गात होते, हे विसरता येणार नाही.

म्हणून आमची श्रोत्यांस विनंती एवढीच आहे. येथून मिरज किती दूर? सातारकरांस अर्ध्या दिवसाचा प्रवास, सांगलीकरांस अर्ध्या तासाचा. मुलांस घेऊन एकदा त्या आळीत जावे. कारागिराजवळ बसावे, त्याची परवानगी घेऊन, आणि तो घोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, मान हलवतो आणि पुन्हा घासतो ते पाहावे. मुलांपैकी कोणाला विद्युद्वाद्यांचा नाद असेल, आणि आजकाल तो पुष्कळांना असतो, तर त्याने आपले यंत्रही बरोबर न्यावे. अनुयायी आंदोलक हळूहळू चढवत त्या कारागिरास ऐकवावा आणि त्याचे मत विचारावे. यंत्रात टोला पुरा असतो, घोडीवर तो निसटता असतो. यातील निसटतेपणा यंत्रात कसा आणावा, हा प्रश्न आज अभियंत्यांनाही पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर ज्याच्या बोटांत आहे तो माणूस येथून जवळच बसलेला आहे. त्याच्या मुलाने ते काम पुढे चालवावे की नाही, हे त्या मुलाचे त्याने ठरवावे. पण ते चालवण्याजोगे आहे एवढे तरी त्याला गिऱ्हाइकाच्या कानावरून कळले पाहिजे.

बंधनाने नाद श्रीमंत होतो की गरीब, असा प्रश्न आम्ही आरंभी केला होता. त्याचे उत्तर आता देता येईल. प्रत्येक पाऊल बांधले तर साताऱ्याच्या विद्वान माणसांच्या हातूनही नाद कोंडला जातो. परतण्याची वेळ तेवढी बांधली आणि मधली वाट मोकळी ठेवली तर विजेच्या निर्जीव मंडलातूनही स्वर गळ्यासारखा बोलू लागतो. मात्र ती गाठ किती घट्ट असावी हे कोणत्याही गणितात लिहिलेले नाही. त्यासाठी दोरा केसभर पुढे घ्यावा लागतो, केसभर मागे घ्यावा लागतो, आणि ऐकावे लागते.